जिम लावली की दारू सुटते का?

हा प्रश्न मला सारखा येतो. फोनवर येतो, इन्स्टाच्या मेसेजमध्ये येतो, आणि कधीकधी जिमच्या रिसेप्शनला मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या एखाद्या काकू आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे बघून हळूच विचारतात, की दादा, आमच्या ह्यांना जिम लावली तर सुटेल का हो? त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की चिंचवडला एक ट्रेनर आहे, तो आधी खूप प्यायचा, आता बघा कसा झालाय. तो ट्रेनर म्हणजे मी. दर वेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं म्हणून आज एकदाच सगळं लिहितोय.

सरळ उत्तर, नाही. जिमने दारू सुटत नाही. दारू सुटते उपचारांनी आणि माणसांमुळे, जिम त्या सुटलेल्या माणसाला टिकवायला मदत करते, आणि हा क्रम उलटा केला तर घात होतो. जो माणूस रोज सकाळपासून पितोय त्याची दारू घरच्यांनी एका झटक्यात बंद केली आणि सोमवारपासून जिम असं ठरवून टाकलं, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, दरदरून घाम, बीपी वाढणं, झोप उडणं इथपासून ते फिट येण्यापर्यंत आणि समोर नसलेली माणसं दिसायला लागण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला ट्रेडमिलवर नाही, डॉक्टरकडे न्यायचं. तिथे गोळ्या देतात, बी-वन व्हिटॅमिन देतात कारण पिणाऱ्यांमध्ये ते खूप कमी झालेलं असतं, लक्ष ठेवतात, मग शरीर सुखरूप त्यातून बाहेर येतं. जिमची फी त्यानंतर भरा.

आणि दुसरं, भिंतीवर, एसटी स्टँडवर, लोकलच्या डब्यात त्या जाहिराती असतात बघा, पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा. त्या पुडीत काय असतं हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, ते घेतलेलं असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येऊ शकतं, माणूस जाऊही शकतो. म्हणूनच ते पेशंटला सगळं समजावून, त्याची तयारी असेल तरच, डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात. भाजीत कालवून द्यायची ती गोष्ट नाही. काकूंनो, हात जोडून सांगतो, हे करू नका.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो कारण ती बाकी सगळ्यांसारखीच आहे. भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर होतो, शिफ्ट सुटली की ‘बसायचं का’, आधी शनिवारी, मग मधल्या वारी, मग रोज, मग एकट्याने, मग सकाळी हात स्थिर व्हायला. घरच्यांनी व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं, तिथून बाहेर आलो, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जायला लागलो, अजून जातो. ही एए अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावात १९३५ मध्ये दोन पिणाऱ्यांनी सुरू केली, एक शेअर बाजारातला आणि एक सर्जन, आणि त्यांना कळलेली गोष्ट एवढीच होती की एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं की दोघांचाही तो दिवस निभावतो. आज पुण्या-मुंबईत, पार तालुक्याच्या गावातसुद्धा मराठीत मीटिंगा चालतात, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत.

पुण्यात राहतो हे मी भाग्य समजतो, कारण इथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या व्यसनात अडकलेल्या पोरांवर अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पुलं आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते केंद्र उभं केलं. व्यसनी माणूस आजारी आहे, त्याच्याशी माणसासारखं वागायचं, ही गोष्ट आपल्याकडे रुजवण्यात त्या बाईंचा केवढा वाटा आहे. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथे सहचरी नावाचा वेगळा गट आहे, आणि माझ्या मते ते काम तितकंच मोठं आहे, कारण घरातल्या बाईचं काय झालंय हे कुणी विचारतच नाही. राहुल जाधव तिथलाच, गुन्हेगारी आणि व्यसन दोन्हींतून बाहेर पडून अल्ट्रा रनर झाला, गेटवे ऑफ इंडियापासून पार दिल्लीच्या इंडिया गेटपर्यंत पळत गेला. त्याचं उदाहरण मी पोरांना देतो, पण सोबत हेही सांगतो की त्याने आधी उपचार घेतले, पळणं नंतर आलं.

आपल्याकडे अजून एक गैरसमज घट्ट बसलाय तो श्रावणाचा. गटारीला पोटभर प्यायची, मग महिनाभर हात लावायचा नाही, आणि मग छाती ठोकून सांगायचं की बघ, मी श्रावण पाळतो म्हणजे माझा कंट्रोल आहे. श्रावण पाळणं चांगलंच आहे, पण गणपती बसायच्या आधीच ज्याचे दिवस मोजून चाललेत त्याचा कंट्रोल कॅलेंडरकडे आहे, त्याच्याकडे नाही. माळ घालणाऱ्यांबद्दल मात्र मी वेगळं बोलेन. तुळशीची माळ घालून खरंच कायमचे सुटलेले लोक मी पाहिलेत, आमच्या नात्यात आहेत. मी विचार केला की त्यांना काय मिळालं असेल, तर भजनाला बसणारी दहा माणसं मिळाली, रोज संध्याकाळी जायला एक ठिकाण मिळालं, वारीची वाट बघायला एक कारण मिळालं, आणि गावात ‘माळकरी’ म्हणून एक ओळख मिळाली जी मोडायची लाज वाटते. मला हे सगळं जिममध्ये मिळालं, एवढाच फरक.

संध्याकाळ हा सगळा खेळ आहे. दारू सोडलेल्या माणसाला विचारा, सकाळ निघते, दुपार निघते, सात ते नऊ निघत नाही. इतकी वर्षं त्या वेळेला शरीराने एकच काम केलेलं असतं, तोंडाला कोरड पडते, चिडचिड होते, पाय आपोआप त्या गल्लीकडे वळतात. घरी बसून टीव्ही बघ असं सांगून ते होत नाही. मी ट्रेनर झालो त्यात आवड होतीच, लहानपणी तालमीत जायचो, वस्तादांच्या हाताखाली जोर-बैठका मारलेल्या, पण खरं कारण हे की ट्रेनरची नोकरी पहाटे साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा असते. माझे सात ते नऊ मी दुसऱ्यांचे सेट मोजण्यात घालवतो. आणि पहाटे पाचला उठायचं असलं की रात्री अकरा वाजता दुसरं काही करायचं त्राणच राहत नाही.

आता शरीराबद्दल, कारण हे घरच्यांना माहीत नसतं आणि बऱ्याच ट्रेनरनाही नसतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचे मोठे स्नायू झिजतात, मांड्या, कंबर, खांदे. पोट सुटलेलं असतं म्हणून माणूस जाडा दिसतो पण पाय काडीसारखे असतात. काहींच्या तळपायाला मुंग्या असतात, संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे तोल जातो. दारू सोडली आणि नीट खाल्लं की यातलं बरंचसं भरून येतं, पण महिने लागतात. झोप तर कितीतरी महिने बिघडलेली राहते. गोड खायची प्रचंड इच्छा होते, आणि सुरुवातीला ती होऊ द्या, एएमध्येसुद्धा जुने लोक खिशात चॉकलेट ठेवायला सांगतात, पहिल्याच महिन्यात ‘साखर बंद, कार्ब बंद’ करून त्या माणसाला अजून एका उपवासाला बसवू नका.

आमच्याकडे केंद्रातून थेट आलेले एक काका होते. पन्नाशीचे. वजन उचलणं सोडा, बेंचवर बसले की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता यायचं नाही. मी बेंचवर रबरच्या प्लेट एकावर एक रचल्या, खुर्चीपेक्षा उंच केलं, आणि सांगितलं काका हात छातीवर, फक्त बसा आणि उठा. सुरुवातीला मांड्या अशा थरथरायच्या की प्लेटींचा आवाज यायचा. ते बाजूच्या पोरांकडे बघायचे, ती पोरं शंभर किलो घेऊन स्क्वॉट मारतायत आणि हे बसतायत-उठतायत. मी मुद्दाम त्यांच्या आणि आरशाच्या मध्ये उभा राहायचो. मग जमेल तशी एकेक प्लेट काढत गेलो. काही महिन्यांनी एकही प्लेट राहिली नाही, बेंचही काढला, हातात रिकामा बार दिला, वीस किलोचा. काका खाली गेले, वर आले, बार रॅकवर ठेवला आणि मला म्हणाले, अरे पुढचं काय? पुढचं काय हे त्यांनी विचारणं, यासाठी मी ही नोकरी करतो. ज्याला केंद्रात ‘फक्त आजचा दिवस’ असं सांगून जगवलेलं असतं, त्याने स्वतःहून उद्याचा विचार केलेला असतो तो.

अमेरिकेत द फिनिक्स म्हणून एक संस्था आहे, स्कॉट स्ट्रोड नावाच्या, स्वतः व्यसनातून उठलेल्या माणसाने २००६ मध्ये कोलोरॅडोत सुरू केली. जिम, क्लाइंबिंग, पळणं, सगळं फुकट. फी एकच, सलग ४८ तास नशेशिवाय राहून या. मला ही कल्पना इतकी आवडली की आमच्या मालकांशी बोलून केंद्रातून आलेल्यांना आम्ही दुपारचा रिकामा स्लॉट जवळजवळ फुकटात देतो, तेव्हा गर्दी नसते, म्युझिक हळू असतं, आणि कुणी व्हिडिओ काढत नसतं.

पण फिटनेसच्या धंद्याबद्दल गोड गोड लिहून चालणार नाही. सुरुवातीला फ्लोअर ट्रेनरचा पगार इतका कमी असतो की पीटी, म्हणजे एकेका मेंबरचं पर्सनल ट्रेनिंग मिळाल्याशिवाय घर चालत नाही, आणि पीटीच्या पैशातही जिमचा वाटा असतो. सर्टिफिकेशनचा अभ्यास इंग्रजीत, आयटीआय केलेल्या माणसाला स्नायूंची लॅटिन नावं पाठ करताना घाम फुटतो, पण होतं, मी मोठ्याने वाचून पाठ केली. यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जिम ही व्यसनापासून सुरक्षित जागा नाही. स्टेरॉइडची ‘सायकल’ मारणारे प्रत्येक एरियात आहेत. आणि आता मेफेंटरमाइनची इंजेक्शनं आलीत. ऑपरेशनच्या वेळी खाली गेलेलं बीपी वर आणायला वापरायचं औषध ते, पोरं वर्कआऊटच्या आधी शिरेत घेतात, कारण दमल्यासारखं वाटत नाही. पुण्यात पोलिसांनी हे विकणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या येत असतात. एका पोराने मला लॉकरपाशी ती छोटी बाटली दाखवली आणि म्हणाला, सर, हे व्यसन नाहीये, कॉम्पिटिशनपुरतं आहे. अगदी हेच वाक्य, फक्त कॉम्पिटिशनच्या जागी शनिवार घाला, मी स्वतः आणि माझ्या मीटिंगमधल्या प्रत्येकाने कधी ना कधी म्हटलंय. मी ओरडलो नाही. त्याला चहा पाजला, माझं सगळं सांगितलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे ईसीजीला घेऊन गेलो. तो अजून येतो, कॉम्पिटिशनही खेळला, सातवा आला.

म्हणून केंद्रातून आलेल्या माणसावर मी व्यायामाच्या बाबतीतही लक्ष ठेवतो. दोन वेळा जिम, सुट्टी नाही, दुखत असताना पण मारायचं, लग्नाला जायचं नाही कारण लेग डे आहे, हे सुरू झालं की मी थांबवतो. आठवड्यातून एक दिवस जिम बंद, त्या दिवशी मीटिंग किंवा घर. स्नायू विश्रांतीत वाढतो हे कुठलाही ट्रेनर सांगेल, पण आमच्यासारख्यांना विश्रांती घेणं हाच सगळ्यात अवघड सेट असतो.

शेवटी स्लिपबद्दल, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा घेतली जाण्याबद्दल. होते. बऱ्याच जणांची होते, आणि त्यानंतर माणूस पिण्यापेक्षा जास्त लाजेने गायब होतो, फोन उचलत नाही, कारण त्याला वाटतं सगळं पुन्हा शून्यावर आलं. आलेलं नसतं. ज्याने वर्षभर ट्रेनिंग करून दोन महिने सोडलंय त्याची ताकद नव्या माणसापेक्षा कितीतरी लवकर परत येते, हे मी रोज डोळ्यांनी बघतो, स्नायू विसरत नाहीत. सोबर राहिलेल्या महिन्यांचं पण तसंच आहे, तेव्हा शिकलेलं सगळं आत असतं, कुणाला फोन करायचा, कुठल्या गल्लीतून जायचं नाही, भूक आणि राग आला की आधी काय खायचं. मी फोनवर एवढंच म्हणतो, आधी डॉक्टरांना भेट, मग ये, आज हलकं मारू. घरच्यांनीही तेवढंच म्हणावं. त्या दिवशी हिशोब मागू नका.

कुठून सुरुवात करायची माहीत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, आणि मन फारच बिघडलं असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. दोन्ही घरच्यांनीही लावले तरी चालतात.

आणि गटारीच्या दिवशी आणि ३१ डिसेंबरला आमची जिम संध्याकाळी सुरू असते. बाकीचे मेंबर त्या दिवशी येत नाहीत, त्यामुळे सगळी मशीन मोकळी असतात, साडेनऊला आम्ही सगळे मिळून बाहेर मिसळ खायला जातो. चिंचवड, निगडी, भोसरीकडचं कुणी असेल आणि ती संध्याकाळ एकट्याने काढायची भीती वाटत असेल तर सातला या, मेंबरशिप आहे का म्हणून कुणी विचारणार नाही, फक्त बूट आणि नॅपकिन आणा.