सगळं आधीच ठरलेलं होतं, तर इडिपसचं काय चुकलं?

ग्रीक शोकांतिकांबद्दल कुठंही बोलले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "इडिपस बापाला मारणार आणि आईशी लग्न करणार, हे आपण म्हणतो तसं सटवाईनं लिहूनच ठेवलं होतं. मग त्या बिचाऱ्याचा दोष काय? आणि दोषच नसेल, तर नाटकात उरलं काय?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

देववाणी, म्हणजे देवाच्या मंदिरातून मिळणारं भविष्य, फक्त काय घडणार तेवढं सांगते. ते घडवून आणतात ती माणसं, आणि 'इडिपस राजा' हे नाटक लिहिणाऱ्या सोफोक्लीसचं सगळं लक्ष त्या माणसांवर आहे. थीब्ज नगरीच्या लायस राजाला, म्हणजे इडिपसच्या जन्मदात्याला, सांगितलं गेलं, की पोटच्या पोराच्या हातून तुला मरण आहे. त्यानं तीन दिवसांच्या बाळाचे घोटे एकत्र जखडले आणि दुसऱ्याच्या हातानं त्याला डोंगरावर टाकायला पाठवलं. असं कर म्हणून त्याला कुठल्या देवानं सांगितलं नव्हतं. ज्या धनगराकडं हे काम आलं, त्यानं बाळ कॉरिंथ या दुसऱ्या नगरीतल्या एका गुराख्याला देऊन टाकलं. पुढं कितीतरी वर्षांनी इडिपस त्याला दरडावून विचारतो, का दिलंस? म्हातारा म्हणतो, दया आली, मालक. अख्ख्या नाटकात मला सगळ्यात जास्त हादरवतं ते हे उत्तर. बापाच्या भीतीनं अर्धवट सोडलेलं काम एका गरिबाच्या दयेनं पुरं केलं.

कॉरिंथच्या पॉलिबस राजाला मूल नव्हतं. त्यानं आणि त्याच्या राणीनं, मेरोपीनं, हे पोर आपलं म्हणून वाढवलं. एका मेजवानीत कुणी दारूच्या नशेत बोलून गेलं, की तू यांचा खरा मुलगा नव्हेस. ते इडिपसच्या मनाला लागलं आणि तो डेल्फीच्या मंदिरात देववाणी विचारायला गेला. आईबाप कोण, याचं उत्तर तिथं मिळालंच नाही. मिळालं ते भविष्य. ते ऐकून तो कॉरिंथकडं पाठ फिरवून निघाला, कारण पॉलिबस आणि मेरोपीवर त्याचा जीव होता. वाटेत तिठ्यावर रथातल्या माणसांनी त्याला रस्त्याबाहेर ढकललं. त्यानं सारथ्याला मारलं, तेव्हा रथातल्या म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यात दुटोकी पराणी हाणली. तो म्हातारा लायस. दोघांपैकी एकानंही माघार घेतली नाही. बापलेक एकाच रक्ताचे, हे मला तिथं पहिल्यांदा जाणवतं.

पॉलिबस वारल्याचा निरोप येतो, तो प्रसंग नीट वाचा. इडिपस सुटकेचा श्वास टाकतो, बापाला मारायचं संकट टळलं म्हणून. पण लगेच म्हणतो, माझ्या आठवणीनं झुरून तर नसतील ना गेले? तसं असेल तर मीच मारलं म्हणायचं. मग निरोप्या सांगतो, अहो, ते तुमचे वडील नव्हतेच, माझ्या हातून त्यांनी तुम्हाला घेतलं. त्यावर इडिपस विचारतो, दुसऱ्याच्या हातून आलेल्या पोरावर इतकी माया केली त्यांनी? निरोप्या म्हणतो, त्याआधी त्यांना मूल नव्हतं. जन्म दिलेल्या बापानं घोटे टोचले, परक्यानं बाप होऊन जीव लावला, आणि या दोन्हींमुळं पोर पोचलं त्याच तिठ्यावर. नशिबाबद्दल याहून भयंकर असं मी काही वाचलेलं नाही.

निव्वळ निर्दोष बाप पाहायचा असेल तर दुसरा ग्रीक नाटककार युरिपिडीस, त्याच्या नाटकातला वीर हेराक्लीस घ्या. पाताळातून परत येऊन तो मुलांना मृत्यूच्या दारातून सोडवतो. मुलं त्याचं वस्त्र सोडत नाहीत, आणि तो त्यांना मोठ्या जहाजामागं ओढून न्यायच्या होड्यांसारखं घरात घेऊन जातो. मग हेरा ही देवी त्याच्यावर वेड सोडते. खुद्द वेडाची देवता कुरकुरते, या माणसाला हे करणं बरं नव्हे. पण तिचं कुणी ऐकत नाही, आणि हेराक्लीस बायकोला आणि तिन्ही मुलांना मारतो. इथं दोष शोधूच नये. शुद्धीवर आल्यावर त्याला जीव द्यायचा असतो. मित्र थीसियस त्याला जगायला राजी करतो, आणि आता तोच होडीसारखा थीसियसमागून चालू लागतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इडिपसनं स्वतःही दिलंय. सोफोक्लीस इसवी सनापूर्वी ४०६ च्या सुमारास वारला. इडिपसच्या शेवटच्या दिवसांवरचं त्याचं 'इडिपस कलोनसमध्ये' हे नाटक नातवानं ४०१ मध्ये रंगमंचावर आणलं. त्यात म्हातारा इडिपस, खरं कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतलेला, आपल्या मेव्हण्याला, क्रेऑनला ठणकावतो: मी आईच्या पोटातही नव्हतो तेव्हा माझ्या वडिलांना हे भविष्य सांगितलं गेलं, मग दोष मला कसा देता? आत्ता इथं कुणी तुम्हाला मारायला धावून आलं, तर तो तुमचा बाप आहे का, हे आधी विचारत बसाल? मला हा युक्तिवाद पूर्ण पटतो. खुनाचा आणि लग्नाचा दोष मी त्याला देत नाही.

पण त्याच नाटकात त्याचा मुलगा पॉलिनायसीस रडत भेटायला येतो. भावानं बळकावलेली थीब्जची गादी घ्यायला तो सैन्य घेऊन निघालेला असतो. बापाला हाकलून दिलं तेव्हा दोन्ही मुलगे गप्प राहिले होते. मुलींनी मात्र त्याला सांभाळलं. इडिपस मुलाला शाप देतो, की तू भावाच्या हातून मरशील आणि त्यालाही मारशील. हे करायला कुठल्या देववाणीनं त्याला भाग पाडलं नव्हतं. तुम्ही दोष विचारलात. मला तो इथं दिसतो. लायसनं जे तीन दिवसांच्या पोराला केलं, तेच इडिपसनं मोठ्या झालेल्या पोराला केलं. इडिपसची मुलगी अँटिगनी भावाला विनवते, सैन्य घेऊन मागं फिर. एकदा कच खाल्ली तर पुन्हा हेच सैन्य कसं उभं करू, असं तो विचारतो. शापाबद्दल सैनिकांना काही सांगणार नाही म्हणतो, मी मेलो तर माझे अंत्यसंस्कार करा एवढं बहिणींकडून मागून घेतो, आणि थीब्जच्या वाटेला लागतो.