खुनाच्या गोष्टीत विनोद कुठे बसतो

कोझी मिस्टरी म्हणजे रक्तपात पानावर न आणणारी, हौशी गुप्तहेराने सोडवलेली खुनाची गोष्ट. तिचा विनोदी प्रकार लिहायला घेणारे बरेच जण आधी रहस्य रचतात आणि मग जिथे मजकूर कोरडा वाटेल तिथे विनोद पेरत जातात. अशी कादंबरी हमखास दुभंगते. एका प्रकरणात चौकशी, पुढच्यात गंमत, आणि वाचक गमतीची पानं भरभर उलटून चौकशीकडे धावतो. माझं मत असं की या प्रकारात विनोदालाच तपासाचं काम द्यावं. एखाद्या वाक्यावर वाचक हसला की त्या वाक्याचं काम झालं असं तो धरून चालतो आणि त्याकडे पुन्हा वळून बघत नाही. धागा, म्हणजे खुन्याकडे नेणारी खूण, लपवायला याहून चांगली जागा मिळत नाही.

एक उदाहरण नीट उलगडून बघू. एक वाचनालय आहे. मधोमध वाचनकक्ष, डावीकडे अध्यक्षांची खोली, उजवीकडे जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींची कोठी. संध्याकाळी सातला अध्यक्ष त्यांच्या खोलीत मृत सापडतात, डोक्याला मार लागलेला. वाचनकक्षात रोज बसणारे नाना सांगतात, 'सव्वासहाला धप्पकन आवाज आला, अध्यक्षांच्या खोलीतून.' झालं, मृत्यूची वेळ ठरली. खजिनदार सहा ते साडेसहा उजवीकडच्या कोठीत होते आणि दाराशी शिपाई बसलेला होता, म्हणून ते सुटले. बाकी चौघांना सव्वासहाचा हिशेब देता येत नाही.

नानांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. ही गोष्ट माहिती म्हणून एकदाही लिहायची नाही, फक्त हसवायला वापरायची. तिसऱ्या प्रकरणात उजवीकडून कुणीतरी 'नाना, पंखा बंद करू का?' विचारतं, आणि नाना डावीकडे वळून तिथे मुकाट बसलेल्या मुलाला 'वाचनालयात बोलू नये' म्हणून झापतात. आठव्या प्रकरणात कार्यकारिणीच्या बैठकीत टोमणा मारतात उजवीकडचे खजिनदार, नाना तुटून पडतात डावीकडच्या सेक्रेटरींवर, आणि बैठक उधळते. साक्ष येते अकराव्यात. तोवर वाचक नानांना 'भांडखोर म्हातारा' या खान्यात टाकून मोकळा झालेला असतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू मुख्यतः दोन्ही कानांत पोचणाऱ्या आवाजाच्या वेळेतल्या आणि तीव्रतेतल्या फरकावरून ठरवतो. एकच कान चालत असेल तर तो फरक मिळत नाही, आणि आवाज चांगल्या कानाच्या बाजूने आल्यासारखा वाटतो. म्हणजे नाना खोटं बोललेले नाहीत. धप्प झालं ते कोठीत, फायलींचा गठ्ठा पडला म्हणून. अध्यक्ष सव्वासहाला जिवंत होते. शिपाई उठून गेल्यावर, पावणेसातच्या सुमारास, खजिनदार अध्यक्षांच्या खोलीत शिरले.

आता हौशी गुप्तहेर कोण हवी, हे या धाग्यावरूनच ठरतं. गाणं शिकवणाऱ्या बाई. वर्गात कोण बेसूर लागलं हे डोळे मिटून सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे नाना चुकीच्या दिशेला वळतात हे इतरांना विनोदी वाटतं तेव्हा त्यांना ते खटकतं. पोलिसांना दिसत नाही ते हौशी माणसाला का दिसावं, या प्रश्नाला हेच उत्तर चालतं. त्याच्या रोजच्या कामातून आलेली नजर. आगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या खेड्यात राहणाऱ्या हौशी गुप्तहेर बाईंची पहिली कादंबरी 1930 साली आली. मार्पलबाईंची पद्धत आजही अभ्यासण्यासारखी आहे. समोरच्या संशयिताला बघून त्यांना आपल्या खेड्यातलं तसंच वागलेलं कुणीतरी आठवतं, आणि तपास त्या ओळखीवरून पुढे सरकतो. 'मला आतून वाटलं' ही पद्धत नव्हे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. त्यांतल्या एकात अपघाताने गुप्तहेराला मदत होता कामा नये, आणि कारण न सांगता येणारा अंदाज त्याला सुचता कामा नये, असं म्हटलं आहे. बाकीचे काही नियम जुने झाले, हा मात्र पक्का धरावा. दाराआडून संभाषण कानावर पडणं वगैरे गोष्टींनी गुंता वाढला तर चालतो, सुटला तर चालत नाही.

एका धाग्यावर निकाल लावू नये. कानाच्या गोष्टीला जोड लागते ती वस्तूची. कोठीतल्या फायली वर्षांच्या क्रमाने लावलेल्या असतात, आणि ग्रंथपाल दोन प्रकरणं सगळ्यांचं डोकं खातो की कुणीतरी 1962 च्या आधी 1967 ठेवलं. वाचक त्याच्या शिस्तीला हसतो. पण गठ्ठा पडला होता आणि घाईने परत लावला गेला, याचा पुरावा तिथेच आहे. अंदाज असा ठेवावा: निकालाला लागणारे तीन ते पाच धागे, आणि प्रत्येक किमान दोनदा वाचकासमोर आलेला. एकदाच आलेला धागा वाचक विसरतो आणि शेवटी फसवल्यासारखं वाटतं. चारदा आला की ओळखतो. जागेचंही तंत्र आहे. परिच्छेदाच्या पहिल्या आणि शेवटच्या वाक्यावर वाचकाचं लक्ष जातं, म्हणून धागा मधे ठेवावा, आणि त्यानंतर लगेच काहीतरी घडावं. दार वाजावं, मांजर टेबलावर चढावी, कुणी रुसून उठावं.

लिहायला बसण्याआधी खून कागदावर मांडून घ्यावा, आणि तो खुन्याच्या बाजूने. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत पंधरा-पंधरा मिनिटं. पाच संशयित आणि दोन तास धरले तर चाळीस चौकटी होतात. प्रत्येकीत तीन गोष्टी: तो खरा कुठे होता, कुठे होतो म्हणाला, कुणी पाहिलं. हा तक्ता कंटाळवाणा वाटतो, पण तो न केलेल्या कादंबरीत विसाव्या प्रकरणाला कुणीतरी एकाच वेळी दोन ठिकाणी सापडतंच. मग मागची पाच प्रकरणं उसवावी लागतात.

संशयित चार ते सहा. प्रत्येकाला एकेक खोटं द्यावं, त्यातलं एकच खुनाशी जोडलेलं. उरलेली खोटी म्हणजे चकवे, आणि विनोदाची खरी खाण तिथे आहे. चकव्यामागे स्वतःचं पूर्ण, खरं कारण हवं. सेक्रेटरी सव्वासहाला कुठे होते ते सांगत नाहीत, कारण ते कार्यालयात बसून गुपचूप प्रेमकादंबरी लिहितात आणि त्यांना ती कुणाच्या हाती लागू द्यायची नाही. खुनाचा संशय पत्करतील, पण वही दाखवणार नाहीत. गुपित जितकं क्षुल्लक आणि ते झाकायची धडपड जितकी मोठी, तितका प्रसंग रंगतो. आणि त्या धडपडीत माणूसही उघडा पडतो, जे साध्या प्रश्नोत्तरात होत नाही. नुसता संशय वाढवायला कुणाच्या हाती सुरी द्यायची आणि पुढे त्याबद्दल बोलायचंच नाही, हा चकवा नाही, ती उधारी आहे.

हसू कशावर आणावं, याची सीमा या प्रकारात स्पष्ट लागते. सवयी, मानपान, मत्सर, गावगप्पा, संस्थेतली क्षुद्र भांडणं, यांवर खुशाल हसावं. दुःखावर नाही. प्रेत सापडतं त्या प्रसंगात दोन-तीन पानं विनोद पूर्ण थांबवावा, आणि मेलेल्या माणसासाठी मनापासून रडणारं एक तरी माणूस कादंबरीत असावं. बहुतेक लेखक बळीला इतका खडूस करतात की तो गेल्याचं कुणालाच काही वाटत नाही. मग तपास कशासाठी चाललाय हेच कळेनासं होतं, आणि विनोदही पोरका होतो. रक्तपात, छळ, शय्यादृश्यं पानावर येत नाहीत. मुलांना आणि प्राण्यांना इजा झालेली हा वाचक सहन करत नाही, त्यात वाद घालू नये.

वैद्यकीय तपशील कमी असावा, पण बिनचूक. वरच्या उदाहरणात सगळा डोलारा नानांच्या साक्षीवर उभा आहे. डॉक्टर वेळ सांगू शकले असते तर तो कोसळला असता. ते सांगू शकत नाहीत. शरीर थंड होण्याचा वेग ढोबळमानाने तासाला एक अंश सेल्सियस धरतात, पण खोलीचं तापमान, कपडे, शरीराची ठेवण यांनी तो बदलतो, आणि अर्ध्या तासाचा फरक त्यातून निघत नाही. शरीर ताठरायला साधारण दोन ते चार तासांनी सुरुवात होते, संपूर्ण ताठरता यायला बाराएक तास लागतात. सातला सापडलेलं प्रेत 'ताठ पडलं होतं' असं लिहिलं की जाणता वाचक पुस्तक मिटतो. विषाचं कथानक असेल तर रासायनिक तपासणीचा अहवाल यायला कित्येक आठवडे लागू शकतात. हा उशीर लेखकाच्या फायद्याचा आहे, कारण तेवढ्या काळात हौशी गुप्तहेराला वावरायला जागा मिळते. 'शरीरात सापडतच नाही असं विष' मात्र काढू नये.

मोबाइल आणि कॅमेऱ्यांचा प्रश्न पहिल्या पाच प्रकरणांत मिटवावा, तोही एका साध्या वाक्यात. वाचनालयात सगळे फोन काउंटरवर जमा करायचा नियम आहे, एवढं पुरतं. हे राहून गेलं तर वाचक पूर्ण कादंबरीभर 'लोकेशन का नाही बघत?' असं विचारत बसतो.

पोलीस मूर्ख दाखवणं ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत थकलेली वाट. हुशार, कामात बुडालेला, नियमाने चालणारा अधिकारी दाखवला तर बाईंशी त्याचं जमणं-बिनसणं जास्त मजेचं होतं. तो 'कशाला हात लावू नका' म्हणतो त्याला कारण आहे. वस्तू कुणाकुणाच्या हातून गेली याची नोंद तुटली की न्यायालयात तिचं वजन जातं. म्हणून बाईंनी फायली उचलून घरी आणायच्या नाहीत. त्यांनी माणसांशी बोलायचं. लोक वर्दीसमोर गप्प बसतात आणि मुलीला गाणं शिकवणाऱ्या बाईंपाशी तासभर बोलतात, हीच त्यांची खरी सोय.

मराठीत लिहिणाऱ्याला दोन गोष्टी फुकट मिळतात आणि त्या वापरल्या जात नाहीत याची मला फार चुटपुट लागते. पहिली, क्रियापदाचं लिंग. निनावी चिठ्ठीत 'मी आलो होतो' किंवा 'मी सांगते' लिहिलं की अर्धे संशयित बाद. 'मी पाहिलं', 'मला कळलं', 'मी सांगेन' या रूपांतून काही कळत नाही. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा हुशार असेल तर त्याची भाषा किंचित आखडलेली येणार, आणि तो आखडेपणाच धागा होऊ शकतो. खोटं लिंग मुद्दाम लिहून एका ओळीत चुकलेला माणूस तर त्याहून सुरेख. दुसरी, तू आणि तुम्ही. चारचौघांत 'तुम्ही' म्हणणारी दोन माणसं घाबरल्यावर क्षणभर 'तू'वर येतात, आणि त्यांचं जुनं नातं उघडं पडतं. हे हाताळताना स्वतःच्या मसुद्यातली संबोधनं आधी तपासून घ्यावीत. लेखकाच्याच हातून तू-तुम्ही घसरत असेल तर वाचकाला धागा आणि चूक यांतला फरक कळणार नाही. नावांचंही तसंच: सुधा, सुमन, सुनंदा एकाच कादंबरीत नकोत. पहिलं अक्षर, नावाची लांबी आणि हाक मारायची पद्धत, तिन्ही वेगळी असावीत.

लांबी साठ ते ऐंशी हजार शब्द, प्रकरणं तीसेक. मृत्यू फार तर चौथ्या प्रकरणापर्यंत. खुनी पहिल्या चतुर्थांशात दिसलेला आणि बोललेला हवा. मध्यावर कथा ढिली पडते, म्हणून तिथे आतापर्यंतचा अंदाज मोडणारं काहीतरी लागतं. दुसरा मृत्यूच हवा असं नाही. मुख्य संशयित निर्दोष ठरला तरी पुरतं. शेवटाकडे बाई एकट्याच रात्री खुन्याला भेटायला जातात, हा प्रसंग टाळावा. इतकी प्रकरणं शहाणपणाने वागलेली व्यक्ती एकदम बावळट होते. खुन्याने सगळं स्वतःहून सांगून टाकणंही नको. नानांना सर्वांसमोर डोळे मिटून बसवावं, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फाईल आपटावी, आणि ते दोन्ही वेळा डावीकडेच बोट दाखवतात हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसू द्यावं. पूर्वी हसवलेलीच गंमत तिसऱ्यांदा येते, आणि या वेळी कुणी हसत नाही.

मसुदा झाला की चार-पाच जणांना वाचायला द्यावा आणि पाव, अर्धा, पाऊण अशा तीन टप्प्यांवर त्यांना थांबवून एकच प्रश्न विचारावा: कुणावर संशय आहे, आणि का? पाव टप्प्यावर उत्तरं विखुरलेली हवीत. अर्ध्यावर सगळे खजिनदारांचं नाव घेत असतील तर कुठलातरी धागा विनोदाबाहेर डोकावतोय. 'का' या उत्तरात तो नेमका सापडतो. पाऊण टप्प्यावर एकालाही खजिनदार सुचत नसतील तर धागे कमी पडले. नानांच्या कोणत्या प्रसंगाला हसू आलं तेही विचारून घ्यावं. ज्याला हसू आलं नाही, त्याने तो प्रसंग माहिती म्हणून वाचलेला असतो, आणि शेवट त्यालाच आधी कळलेला असतो.