बावीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे

काल तुळशीबागेत गेले होते, फुलवाती आणि आईची चहाची गाळणी एवढंच घ्यायचं होतं, आणि येताना पाय आपोआप मोदी गणपतीकडे वळले. वळले तर वळले, बाहेरूनच बघून पुढे जायचं ना, पण नाही, आम्ही भाड्याने राहायचो तो वाडा पाडून तिथे जी बिल्डिंग झालीय, मी सरळ तिच्या सेल्स ऑफिसात शिरले. गिऱ्हाईक म्हणून! दारात चपला काढायला लागले तर तिथला मुलगा म्हणतो, मॅम राहू द्या. त्याला काय सांगू, पूर्वी इथल्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून चपलांसकट आत आले असते तर खालच्या काकूंनी तिथेच उभं धरलं असतं.

टू बीएचके, ७६० फूट कार्पेट, रेट फुटाला साडेअठरा हजार. म्हणजे १ कोटी ४० लाखाच्या वर, पार्किंग वेगळं, स्टँप ड्युटी वेगळी, "मॅम तुमच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी बसेल". मी अगदी विचारात पडल्यासारखं तोंड केलं. मग विचारलं, विहीर होती ना इथे? तो म्हणाला, बोअर आहे मॅम, चोवीस तास पाणी.

तेव्हापासून डोकं फिरलंय. रात्री मोबाइलवर हिशोब करत बसले. आमच्या दोन खोल्या आणि अर्धी पडवी, धरून चाला ३०० फूट. गुणिले साडेअठरा हजार. साडेपंचावन्न लाख. आणि आम्ही २००६ ला खोल्या सोडायचे साडेचार लाख घेऊन सही करून मोकळे झालो, त्यात बाबांचा फंड घातला आणि धायरीला आलो. खालच्या काकू राहिल्या. टेकू लावलेल्या तुळईखाली, कॉर्पोरेशनची धोकादायकची नोटीस दारावर चिकटलेली, तरी पंधरा वर्षं हलल्या नाहीत. त्यांना आता तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळालाय, फुकट. मला राग काकूंचा नाही. बाबांचाही नाही. म्हणजे थोडा आहे.

पण खरं सांगायचं तर साडेपंचावन्न लाख आमचे कधी होते? भाडं २२ रुपये होतं. १९४७ च्या भाडेकायद्याने गोठवलेलं, आणि मग १९९९ चा नवा कायदा आला, २००० पासून वर्षाला चार टक्के वाढवता येईल म्हणाले, म्हणजे २२ चे झाले बावीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे. मालकांनी तेसुद्धा मागितले नाहीत, लाजले असतील. अकरा बिऱ्हाडांचं मिळून जे भाडं यायचं त्यात एका पावसाळ्याची कौलं चाळून झाली नसती. पानशेतचं धरण फुटून पाणी आलं १२ जुलै १९६१ ला, मागच्या चौकाच्या मातीच्या भिंती बसल्या त्या बसल्याच, आम्ही लहानपणी तिथे लगोरी खेळायचो. विश्रामबागवाडा, नानावाडा टिकले कारण ते सरकारदरबारी कामाला आले. आमच्या वाड्याला कोण विचारतो. मालक गरीब, भाडेकरू चिकट, आणि मध्ये वाळवी.

तरी "आमचा वाडा" असंच येतं तोंडात. काल त्या मुलासमोर पण येणार होतं, गिळलं.

खांबांचं काय झालं ते विचारायचं राहिलं. ओसरीतल्या दुसऱ्या खांबावर दादाची उंची कोरलेली होती, करकटकाने, दर दिवाळीला एक रेघ. सागवान होतं, कुणीतरी घेतलंच असणार. जाऊ दे.

आणि मी एवढी रडतेय कशाला? त्याच वाड्यात सकाळी सहाला बादली घेऊन लाइनीत उभी राहायचे, तीन संडास, अकरा बिऱ्हाडं, एकाची कडी मोडलेली म्हणून आतून गाणं म्हणायचं. उंदीर. पावसात पाच ठिकाणी पातेली. दहावीचा अभ्यास माजघरात, शेजारच्यांचा रेडिओ ऐकत, कारण मधली भिंत म्हणजे नुसत्या फळ्या. धायरीच्या घराची किल्ली मिळाली तेव्हा सगळ्यात आधी मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून उगाचच दहा मिनिटं उभी राहिले होते. हे मी विसरते. सोयीस्कर विसरते.

आज सकाळी आईला ब्रोशर दाखवलं. दाखवणार नव्हते, पण पर्समधून तिनेच काढलं. रेट सांगितला तर नुसती हं म्हणाली. मग विचारलं, "संडास आत आहे?" म्हटलं, दोन आहेत. "दोन? माणसं किती?"

मग चष्मा लावून प्लॅन बघत बसली, बराच वेळ. मी तिला समजावलं की हे बघ, मोदी गणपती या बाजूला, म्हणजे आपल्या खोल्या सगळ्या पार्किंगमध्ये गेल्या. तर म्हणे छे, आणि मास्टर बेडरूमवर बोट ठेवलं, ही आपली मोरी. मी म्हटलं अगं मोरी विहिरीच्या अंगाला होती. ती म्हणे विहीर कुठे होती ते तू मला सांगतेस? अर्धा तास भांडलो. दादाला फोन लावला, तो म्हणतो दोघीही चुकताय, प्लॅन उलटा धरलाय.