बाससाठी पहिला रॉड
टेक्सासमधील ज्या लेक फोर्क तलावात १९९२ साली १८.१८ पौंडांचा लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) गळाला लागला, त्याच्या काठावर मी प्रथम उभा राहिलो तेव्हा माझ्या हाती नवशिक्याला न पेलणारा बेटकास्टिंग रॉड, म्हणजे आमिष फेकताना जिचे रीळ स्वतः फिरते अशी गळाची काठी, होता. रीळवरचा गुंता सोडवण्यातच सकाळ सरली. नंतर घेतलेला ७ फुटी, मध्यम ताकदीचा, शेंड्याकडे वाकणारा स्पिनिंग रॉड (याचे रीळ फेकताना फिरत नाही) मला अधिक योग्य वाटतो, कारण तो हलके आमिषही दूर फेकतो आणि माशाचा निसटता स्पर्श हातापर्यंत पोहोचवतो. आमिषांच्या रंगांचा मोह (तो बहुधा दुकानदाराच्याच फायद्याचा) आवरावा. पाण्यातील झुडपांत अडकू नये म्हणून गळाचे टोक ज्याच्या अंगात लपवतात तो टेक्सास रिगचा मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ, आणि गढूळ पाण्यासाठी फिरत्या पात्यांचा स्पिनरबेट, एवढे मला पहिल्या हंगामात पुरले.