झोपाळ्याच्या कड्या आणि उणे ३१

संक्रांतीच्या आदल्या दिवशी कॅनडातल्या एडमंटनला उणे ३१ होतं आणि आमच्या एका घराची शेवटची ब्लोअर डोअर टेस्ट होती. घर एका मराठी कुटुंबाचं, डिझाइन माझं, प्लॉट घेण्यापासून दीड वर्ष मी त्यांच्याबरोबर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या टेस्टला पुढच्या दारात मोठा पंखा बसवतात, तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि आत-बाहेर ५० पास्कलचा फरक ठेवून तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. आर-२००० या कमी ऊर्जा लागणाऱ्या घरांच्या कॅनडातल्या स्टँडर्डला हा आकडा १.५ च्या आत लागतो. ऑक्टोबरमध्ये आमचा १.२ आला होता, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते.

आकडा आला १.७.

परत मोजलं, तेच. खिडक्या बघितल्या, बेसमेंटमधला रिम जॉइस्ट, म्हणजे भिंतीवर कडेने बसणारी लाकडी तुळई, बघितला, सगळं ठीक. हॉलमध्ये त्या घरातल्या काकू देवघराची जागा बघायला आल्या होत्या, त्यांच्याकडची उदबत्ती मागून घेतली आणि पंखा चालू ठेवून भिंतीभिंतीने फिरवायला लागले. धूर सरळ वर जात होता, आणि झोपाळ्याखाली आल्यावर एकदम खाली वाकला. काकूंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "अगं, इथून तर फ्रीज उघडल्यासारखं येतंय!"

झोपाळा काकूंचा. सांगलीच्या वाड्यातली सागवानी फळी आणि पितळी कड्या त्यांनी मुद्दाम आणलेल्या. मागणी उशिरा आली, ड्रायवॉल, म्हणजे भिंती-सीलिंगचे जिप्समचे बोर्ड, लावून झाल्यावर. आपल्याकडे स्लॅबमध्ये हुक असतो तसं इथे नसतं, वर ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी सांगाडे, असतात आणि त्यांचा खालचा दांडा हलणाऱ्या माणसांचं वजन धरून बनवलेला नसतो. म्हणून मी ट्रसच्या इंजिनिअरकडून लेखी मंजुरी घेतली, कुठे किती लाकूड आडवं टाकायचं ते ड्रॉइंगवर दाखवलं. पण हवा अडवायचं डिटेल त्या ड्रॉइंगवर नव्हतंच. सुताराने सीलिंग कापून लाकूड बसवलं, खालून सुंदर पॅनल लावलं आणि वरची कापलेली पॉली, म्हणजे हवा अडवणारा प्लास्टिकचा कागद, तशीच राहिली. चूक त्याची नाही, मी काढून दिलं तेवढं त्याने चोख केलं.

अॅटिकमध्ये, म्हणजे सीलिंग आणि छपराच्या मधल्या जागेत, चढले तर टॉर्चच्या उजेडात त्या भागातल्या छताच्या खिळ्यांची टोकं पांढरी, एकेका टोकावर मिठाच्या खड्यासारखा बर्फ, आणि प्लायवर साखर भुरभुरल्यासारखा थर. बाकीचं छत कोरडं. घरातली ओलसर गरम हवा त्या फटीतून वर जाऊन तिथेच गोठत होती, आणि हीटिंग सुरू होऊन तर दोनच महिने झाले होते. थंडी सरली की हा सगळा बर्फ एकदम वितळतो आणि सीलिंगमधून पाणी ठिबकतं, इकडे त्याला अॅटिक रेन म्हणतात. लोकांना वाटतं छप्पर गळतंय, छपरावर खर्च करत बसतात, आणि मूळ कारण खाली सीलिंगच्या फटीत असतं.

इकडे लोक घर बांधताना इन्सुलेशनच्या जाडीवर फार बोलतात, हवेच्या फटींवर कमी. शेजारच्या सस्कॅचवानमध्ये, रेजायनाला, १९७७ मध्येच एक प्रयोगाचं घर बांधलं होतं, त्यात जाड भिंतींइतकीच मेहनत पॉलीच्या जोडांवर घेतली होती. जोड उघडे असतील तर नुसती जाडी काय कामाची?

त्याच दुपारी सुतार आणि मी मिळून अॅटिकमधलं सेल्युलोजचं इन्सुलेशन बाजूला सारलं, लाकडाच्या वरून रिजिड फोमची पेटी केली, कडा स्प्रे फोमने भरल्या, खालून बोल्टभोवती काळं चिकट सीलंट. ते सीलंट हाताचं दोन दिवस निघत नाही. बोटं इतकी बधिर झालेली की गन दाबता येईना, दर दहा मिनिटांनी खाली उतरत होतो आणि काकू थर्मासमधला चहा देत होत्या.

संध्याकाळी परत मोजलं, १.२.

मार्चअखेर बर्फ वितळायला लागल्यावर मी त्यांच्याकडे मुद्दाम जाऊन परत अॅटिकमध्ये चढले. खिळे कोरडे होते, प्लायवर जुने दोन डाग तेवढे. खाली झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज येत होता.