बराकीमागे गायलेले गाणे

२०२० च्या टाळेबंदीत माझ्या भाचीने अमेरिकेतून मला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ धाडला आणि खाली एवढेच लिहिले, ‘मामा, तुझ्या जिम रीव्हजचा पणतू बघ.’ माझे हे जुने वेड घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यात नाताळच्या दिवसांत आजही ज्याचा आवाज कानावर पडतो, त्या जिम रीव्हज या जुन्या अमेरिकी गायकाच्या कॅसेटींवर माझे कान तयार झाले. त्यामुळे कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडून आलेले गाणे, म्हटले की मखमली गळा, मागे हळुवार व्हायोलिने आणि कुठेही सुरकुती नसलेले ध्वनिमुद्रण, एवढेच माझ्या डोळ्यांपुढे येत असे. भाचीने पाठवलेल्या व्हिडिओत यातले काहीही नव्हते. उघड्यावर, घामाने अक्षरशः निथळणारा एक तेवीस वर्षांचा तरुण गिटार जवळजवळ बडवत होता, समोर एका मित्राचा फोन होता, आणि सूर वर चढला की गाणाऱ्याचा गळा खरवडून निघत होता. तो नीट गातो आहे की नुसता ओरडतो आहे, हे मला पहिल्या खेपेस ठरवता आले नाही. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तो प्रश्नच उरला नाही.

गायकाचे नाव झॅक ब्रायन, गाण्याचे ‘हेडिंग साउथ’, आणि ती जागा म्हणजे अमेरिकी नौदलाच्या बराकीबाहेरचा मोकळा कोपरा. हा व्हिडिओ २०१९ सालचा. म्हणजे माझ्यापर्यंत तो पोहोचला तोवर लाखो लोकांनी पाहून झाला होता, आणि तो गाणारा मुलगा मात्र अजूनही रोज सकाळी गणवेश चढवून कामावर जात होता. झॅक ब्रायनविषयी लिहावेसे वाटते ते नेमके या विसंगतीमुळे. समाजमाध्यमांवरून एका रात्रीत प्रसिद्ध झालेल्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो, परंतु प्रसिद्धी दारात येऊन बसलेली असताना नोकरीच्या करारामुळे जवळपास दोन वर्षे तिच्याकडे धड जाता न आलेला गायक माझ्या तरी माहितीत दुसरा नाही.

त्याचा जन्म २ एप्रिल १९९६ चा, जपानमधील ओकिनावाचा, कारण घरच नौदलाचे होते आणि तेव्हा कुटुंबाचा मुक्काम तेथे होता. वाढला मात्र तो ओक्लाहोमा राज्यात, टल्सा शहराजवळच्या ऊलगा नावाच्या अगदी लहान गावात. सतराव्या वर्षी तोही नौदलात भरती झाला. लढाऊ विमानांवर बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे चढवणाऱ्या, उतरवणाऱ्या आणि त्यांची निगा राखणाऱ्या विभागात त्याने नोकरी केली. हे काम अंगमेहनतीचे आहे आणि त्यात चुकीला जागा नाही. गाणी तो लहानपणापासून जुळवत असे. २०१६ मध्ये त्याची आई वारली, आणि पुढच्याच वर्षी फोनवर टिपलेली आपली गाणी त्याने यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडू नये हे खरे, पण त्याच्या पहिल्या अल्बमला त्याने आईचेच नाव दिले, ‘डीॲन’, आणि मग तो संबंध आपोआपच जोडला जातो.

‘डीॲन’ ऑगस्ट २०१९ मध्ये आला. तो कोणत्याही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला नाही. फ्लॉरिडात सुट्टीपुरते भाड्याने घेतलेल्या एका घरात मित्रांना जमवून, खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टेकवून त्याने तो रेकॉर्ड केला. पुढचा अल्बम, ‘एलिझाबेथ’, वॉशिंग्टन राज्यात बदली झाल्यावर घरामागच्या एका जुन्या तबेल्यात झाला. हे दोन्ही अल्बम मी चांगल्या हेडफोनवर ऐकले आहेत. गिटारच्या तारेवरून बोट घसरल्याचा आवाज, दोन ओळींमध्ये घेतलेला श्वास, शेवटच्या झंकारानंतर उरलेली खोलीतली शांतता, सगळे जसेच्या तसे त्यात राहिले आहे. जिम रीव्हजच्या काळात नॅशव्हिलच्या, म्हणजे टेनेसी राज्यातल्या कंट्री संगीताच्या पेठेतल्या, मंडळींनी कंट्री संगीताचा गावरानपणा घासून-पुसून त्याला जी शहरी झिलई दिली होती, ती इथे पार खरवडून काढलेली दिसते. सगळीच गाणी उत्तम आहेत असे नाही. काही ठिकाणी शब्द नुसते भरीला घातल्यासारखे वाटतात. परंतु आईला उद्देशून गाणारा मुलगा कच्च्या ध्वनिमुद्रणामागे लपत नाही, ते त्याला अधिकच उघडे पाडते.

हे सारे नॅशव्हिलच्या वाटेने झाले असते तर कसे झाले असते, हे समजून घेतल्याशिवाय फोनवरच्या त्या व्हिडिओचे महत्त्व ध्यानात येणार नाही. अमेरिकेत कंट्री संगीताचा कारभार अजूनही बराचसा रेडिओभोवती फिरतो. कंपनीशी करार झालेल्या नव्या गायकाला गिटार देऊन महिनोन् महिने गावोगावच्या रेडिओ केंद्रांच्या फेरीवर पाठवले जाते. तेथे बैठकीच्या खोलीत, टेबलाभोवती बसलेल्या कार्यक्रम ठरवणाऱ्या चार-पाच अधिकाऱ्यांसमोर तो दोन-तीन गाणी म्हणतो, गप्पा होतात, खाणे होते, फोटो निघतात आणि मंडळी पुढच्या गावाला जातात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाहून हे फारसे वेगळे नाही, फक्त पसंती आली की नाही हे कळायला इथे वर्षसुद्धा लागू शकते. गाणीही बहुधा अशा खोल्यांत तयार होतात जिथे तीन-चार व्यावसायिक गीतकार ठरल्या वेळी बसून, रेडिओवर तीन मिनिटांत मावेल असे काहीतरी जुळवतात. या पद्धतीतून थोर गाणीही निघाली आहेत, तेव्हा तिला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण बराकीमागे घामाघूम होऊन ओरडणारा मुलगा त्या टेबलापर्यंत पोहोचला असता, असे मला वाटत नाही.

रेडिओला वळसा घालणारा तो पहिलाच होता, असे मात्र नाही. टेनेसीतला केन ब्राउन २०१४-१५ च्या सुमारास फेसबुकवर दुसऱ्यांची गाणी गाऊन लोकांपुढे आला, आणि नंतर रीतसर नॅशव्हिलच्या कंपनीत दाखल झाला. २०१८ मध्ये इलिनॉयमधल्या एका वॉलमार्ट दुकानात हॅंक विल्यम्सचे गाणे यॉडलिंगसह गाणारा अकरा वर्षांचा मेसन रॅमझी जगभर पोहोचला, तो अर्थातच आधी गंमत म्हणून. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या ऑलिव्हर ॲंथनीचे झाडांमध्ये गायलेले गाणे थेट बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उतरले, तेव्हा त्याचे नाव त्याआधी कोणत्याच यादीत झळकलेले नव्हते. या तिघांना आणि झॅकला एकाच दावणीला बांधायची घाई लेख लिहिणारे करतात, ती मला पटत नाही. रॅमझीचा आणि ॲंथनीचा व्हिडिओ हा स्फोट होता. झॅकचा व्हिडिओ ही पेरणी होती.

ती पेरणी त्याच्या गैरहजेरीत उगवत राहिली. नौदलाच्या सेवेत असताना गायकाला देशभर दौरे काढता येत नाहीत. मोकळा वेळ मिळेल तेव्हा गावे आणि फोनवर टाकावे, सुट्टी मिळाली तर जवळपास कुठेतरी कार्यक्रम करावा, एवढेच त्याच्या हाती होते. त्यामुळे झाले असे की गाणी एकटीच हिंडली. माणसांनी ती ट्रक चालवताना, रात्रपाळीत, कॉलेजच्या वसतिगृहात ऐकली, एकमेकांना पाठवली, तोंडपाठ केली, आणि हे सगळे गायकाला प्रत्यक्ष न पाहता. नॅशव्हिलच्या ज्या ‘ग्रॅंड ओल ऑप्री’ या १९२५ पासून चालत आलेल्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभे राहण्यासाठी कंट्री गायक आयुष्य वेचतात, तेथे १० एप्रिल २०२१ रोजी तो पहिल्यांदा गायला, तेव्हाही तो नौसैनिकच होता. त्याच वर्षी वॉर्नर रेकॉर्ड्सशी त्याचा करार झाला, आणि शरद ऋतूत नौदलाने आठ वर्षांच्या सेवेनंतर त्याला सन्मानाने निरोप दिला. आपल्या हाती असते तर आपण नौदल सोडलेच नसते, अशा आशयाचे त्याने तेव्हा लिहिले होते. काहींना त्यात नाटकीपणा वाटला, मला नाही. सतराव्या वर्षापासून ज्या शिस्तीत माणूस वाढला, तिच्याबाहेर पडून तो एकदम हजारो लोकांसमोर उभा राहणार होता.

सुटल्यावर त्याने जणू बांधच फोडला. मे २०२२ मध्ये आलेल्या ‘अमेरिकन हार्टब्रेक’मध्ये एक-दोन नव्हे, चौतीस गाणी आहेत; सलग ऐकायला सुमारे दोन तास लागतात. मोठ्या कंपनीकडून येणाऱ्या पहिल्याच अल्बममध्ये कुणी असे करत नाही. खरे सांगायचे तर मला त्यातली दहा-बारा गाणी सहज गाळता येतील, आणि एखादा कडक संपादक त्याच्या शेजारी बसायला हवा होता असे अजूनही वाटते. परंतु ज्याने वर्षानुवर्षे सुचले ते त्याच दिवशी फोनवर टाकले, त्याला निवड करून मागे ठेवण्याची सवय लागणार तरी कधी?

याच अल्बममधले ‘समथिंग इन द ऑरेंज’ हे गाणे त्याला खऱ्या अर्थाने घरोघरी घेऊन गेले. मावळतीच्या नारिंगी उजेडाकडे पाहून, गेलेली व्यक्ती आता परतणार नाही हे एका माणसाला उमगते, एवढाच त्याचा विषय. गाणे अल्बमच्या आधी, एप्रिलमध्ये आले आणि त्याची दोन ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली, एक भरघोस साथीचे आणि दुसरे बरेचसे उघडेबोडके. श्रोत्यांना यातले एक निवडा असे सांगायचे सोडून दोन्ही त्यांच्यापुढे ठेवण्यात मला त्या फोनवरच्या दिवसांचीच सवय दिसते. मला स्वतःला दुसरे आवडते. रेडिओचा फारसा आधार नसताना, केवळ लोकांच्या ऐकण्याच्या जोरावर हे गाणे हॉट १०० मध्ये वर्षाहून अधिक काळ टिकले आणि पहिल्या दहांत पोहोचले.

तिकिटांचे प्रकरण मात्र त्याला तितकेसे साधले नाही. डेन्व्हरजवळच्या रेड रॉक्स या खडकांमधल्या खुल्या रंगमंचावर नोव्हेंबर २०२२ मध्ये बर्फ पडत असताना केलेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण त्याने ऐन नाताळच्या दिवशी प्रसिद्ध केले, आणि त्याच्या शीर्षकातच तिकीटमास्टर या बलाढ्य तिकीट कंपनीला दूषण दिले. २०२३ च्या दौऱ्याची तिकिटे त्याने खरोखरच त्या कंपनीला टाळून विकली. त्यापुढच्या, २०२४ च्या मोठ्या मैदानांवरच्या दौऱ्यात ती कंपनी पुन्हा होतीच. फोनवरून रेडिओला वळसा घालता येतो, पण साठ-सत्तर हजारांच्या मैदानाला वळसा घालता येत नाही. याबद्दल त्याला ढोंगी म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला त्यापेक्षा त्याची अडचणच अधिक दिसते.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला, त्याच्याच नावाचा अल्बम त्याने स्वतः निर्मिला. तो बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत पहिला आला, आणि केसी मसग्रेव्हज हिच्याबरोबर गायलेले त्यातले युगुलगीत हॉट १०० मध्येही पहिले आले. पुढच्या फेब्रुवारीत त्याच गाण्याला ग्रॅमी मिळाले. एवढे होईतो भाचीचा आणि माझा या विषयावरचा पत्रव्यवहार, म्हणजे व्हॉट्सॲपवरची हुज्जत, बराच वाढला होता. तिला तबेल्यातला झॅक हवा होता आणि मैदानावरचा नको होता. मी म्हणत होतो की गाणे तेच आहे, फक्त ऐकणारे वाढलेत.

मग २७ सप्टेंबर २०२५ रोजी ती स्वतःच ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये त्याला ऐकायला गेली. त्या रात्री तेथे १,१२,४०८ माणसे होती. अमेरिकेत तिकीट लावून झालेल्या कोणत्याही एका गायकाच्या मैफलीला याआधी एवढी गर्दी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिचा व्हिडिओ आला, चाळीसेक सेकंदांचा. त्यात समोरच्यांची डोकी, वर धरलेले हात आणि नजर पोहोचेल तिथवर पेटलेले फोन होते. मंच दूर कुठेतरी उजेडाचा एक ठिपका होऊन गेला होता. गायक दिसत तर नव्हताच, पण नीट ऐकूही येत नव्हता, कारण ती सगळी माणसे त्याच्या आधीच अर्धा शब्द पुढे गात होती. शेवटी भाचीने फोन स्वतःकडे फिरवला. तिचा घसा पार बसलेला होता आणि तीही गातच होती.