ताश्कंदचे तीन मुफ्ती आणि एक लाकडी घडी

ताश्कंद म्हटलं की आपल्याला शास्त्रीजी आठवतात. पहिल्या दिवशी त्यांच्या पुतळ्याला नमस्कार करून आलो. दुसऱ्या दिवशी हस्त इमाम चौक. तिथली मोठी मशीद २००७ची, जरा जास्तच चकचकीत. मला बघायचा होता सोळाव्या शतकातला बराक खान मदरसा.

सोव्हिएत काळात मध्य आशियातल्या मुसलमानांचा कारभार इथून चाले. आधी स्टालिननेच मशिदी बंद पाडल्या, मौलवींना तुरुंगात घातलं, गोळ्या घातल्या. मग जर्मन सैन्य आत घुसलं आणि १९४३मध्ये त्याच सरकारने मुफ्तींची, म्हणजे फतवे देणाऱ्या प्रमुख धर्मगुरूंची, गादी उभी केली. पहिले मुफ्ती ईशान बाबाखान, ऐंशी ओलांडलेले. ‘मायभूमीसाठी लढा’ असं त्यांनी मुसलमानांना सांगायचं. त्यांच्यानंतर मुलगा झियाउद्दीन, मग नातू शम्सुद्दीन. परदेशी पाहुणे आले की ‘आमच्याकडे धर्माला पूर्ण मोकळीक आहे’ हेही याच मंडळींनी ऐकवायचं.

सरकारी मुल्ला म्हणून त्यांना निकालात काढणं सोपं आहे. मीही तेच ठरवून गेलो होतो. पण १९५९चा फतवा घ्या. पिरांच्या थडग्यांवरच्या यात्रा इस्लामला धरून नाहीत, असा. सरकारला हवं होतं तेच. पण झियाउद्दीन यांचं स्वतःचं मतही तेच होतं! आता यात हुकूम किती आणि श्रद्धा किती, कसं ठरवायचं?

समोरच्या छोट्या इमारतीत तेव्हा काचेआड उस्मानी कुराण होतं. पाटाएवढी चामड्याची पानं, त्यावर जाड, टोकदार अक्षरं. पैगंबरांनंतरचे तिसरे खलिफा उस्मान हे वाचताना मारले गेले आणि त्यांचं रक्त त्यावर सांडलं अशी श्रद्धा. अभ्यासक मात्र ते त्यांच्या नंतरचं, आठव्या-नवव्या शतकातलं मानतात. झारच्या लोकांनी १८६९मध्ये ते पीटर्सबर्गला नेलं, क्रांतीनंतर ते रशियातल्याच उफा शहरात आणि मग ताश्कंदच्या संग्रहालयात आलं. मुसलमानांच्या हाती परत पडलं १९८९ साली. त्याच वर्षी लोक मुफ्तींविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि बाबाखान घराण्याची गादी गेली.

मदरशाच्या खोल्यांत आता दुकानं आहेत. एक आजोबा कुराण ठेवायची लाकडी घडी विकत होते, आपल्याकडे पोथी ठेवायला असते तशी. एकाच फळीतून कोरलेली, खिळा नाही की डिंक नाही. उलगडली की दर वेळी उंची वेगळी. आजोबांची हिंदी जुन्या सिनेमांतली, उरलेलं काम मोबाइलने केलं. मी विचारलं, “लोकांना त्या मुफ्तींचा राग नाही यायचा?”

त्यांनी घडी मिटली, पुन्हा उघडली. “माझे वडील गेले तेव्हा जनाज्याच्या नमाजाला शिकलेला इमाम मिळाला. बुखाऱ्यात शिकलेला.”

साऱ्या सोव्हिएत देशात चालू असलेला मदरसा बराच काळ तो एकच होता, बुखाऱ्याचा मीर-ए-अरब. युद्धानंतर उघडला तो या मुफ्तींच्याच कारभारात.

मग त्यांनी किंमत सांगितली. मी घासाघीस केली नाही; बायको अजून ऐकवते.